दोष सुताराचा, प्लायचा की पात्याचा?

मैत्रिणींनो, घरात सुतारकाम काढणं म्हणजे एखादं कार्य काढण्यासारखंच असतं. महिनाभर भुसा, ठोकाठोकी आणि दिवसातून चार वेळा चहा. त्यातून पैसा पाण्यासारखा जातो तो वेगळाच. आणि इतकं करून कपाटाच्या दाराची कड जर उंदरानं कुरतडल्यासारखी निघाली, तर कोणत्या बाईचा जीव खालीवर होणार नाही?

या आठवड्यात अशाच एका भगिनीचं पत्र हाती आलं. ती लिहिते, ‘‘तीन वर्षं भिशीचे पैसे साठवून दोन कपाटं आणि स्वयंपाकघरातलं काम काढलं. तयार मायक्याचे बोर्ड आणले. पहिले दोन बोर्ड कापले आणि सगळ्या कडांचे टवके उडाले. सुतार म्हणतात बोर्डच हलका आला. दुकानदार म्हणतो सुताराचा हात बसलेला नाही. हे म्हणतात, हौस तुझी, तूच निस्तर. अजून सात बोर्ड कापायचे आहेत. मी काम थांबवू की सुतार बदलू?’’

बाई गं, काम थांबवू नकोस आणि सुतारही इतक्यात बदलू नकोस. फक्त कापणं अर्धा दिवस थांबव. सुतार आणि दुकानदार दोघंही खरं बोलत असतील. पण या भांडणात तिसऱ्याचं नाव कोणी घेतलेलं दिसत नाही. तो तिसरा म्हणजे मशीनवर फिरणारं करवतीचं गोल पातं. बोर्ड उत्तम, हात कसलेला आणि पातं चुकीचं, असं असेल तरी टवके उडणारच.

आता तुम्ही म्हणाल, हे बायकांनी कशाला बघायचं? का बरं? भाजीची विळी, नारळाची खवणी, पुरणाची चाळणी, कोणत्या कामाला काय हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. कापडाची कात्री मुलांनी कागदाला लावली की आपण ओरडतोच ना? मग आपल्याच पैशानं आलेला बोर्ड कशानं कापला जातोय, एवढं बघायला काय हरकत आहे?

लाकडाचे उभे-आडवे धागे

पातं समजून घ्यायचं तर आधी लाकूड समजायला हवं. ऊस आठवा. उभा सोलला की लांब पट्ट्या सुटतात. आडवा तोडला की तोंडाशी दोऱ्यांच्या दशा निघतात. लाकडाचंही तसंच. झाड उभं वाढतं, म्हणून त्याचे तंतू उभे असतात. तंतूंच्या दिशेनं लाकूड चिरणं हे एक काम आणि तंतू आडवे तोडणं हे दुसरं काम. दोन्हींना एकच पातं लावणं म्हणजे एकाच सुरीनं ब्रेडही कापायचा आणि मटणही तोडायचं.

उभं चिरायच्या पात्याचे दाते कमी असतात. १० इंची पात्यावर साधारण २४ ते ३०. दात्याचं टोक पटाशीसारखं सपाट असतं आणि दोन दात्यांमधली खाच खोल असते. उभ्या चिरण्यात भुसा भरपूर आणि लांबट निघतो, तो बाहेर वाहून न्यायला ही खोल खाच लागते. खाच लहान असेल तर भुसा तिथंच कोंबला जातो, पातं तापतं आणि लाकडावर काळे डाग पडतात.

आडवं तोडायच्या पात्याचे दाते जास्त, ६० ते ८०. त्यांची टोकं आळीपाळीनं एक डावीकडे, एक उजवीकडे तिरकी घासलेली असतात. म्हणजे जणू सुऱ्यांची रांगच. एक दाता डाव्या बाजूचा तंतू छाटतो, पुढचा उजव्या बाजूचा. त्यामुळे कड स्वच्छ येते, दशा राहत नाहीत. काम मात्र जरा सावकाश होतं.

या दोन्हींच्या मधलं, ४० ते ५० दात्यांचं एक पातं असतं. ते दोन्ही कामं बऱ्यापैकी करतं. चौकटी, पाट, स्टूल, देवघराची फळी अशी किरकोळ कामं करणाऱ्याला हे एकच पातं पुष्कळ दिवस पुरतं. आपल्या रोजच्या विळीसारखं म्हणा ना!

प्लाय आणि मायका यांची गोष्टच वेगळी

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले. एक थर उभा, त्यावरचा आडवा, पुन्हा उभा. म्हणून प्लाय कुठल्याही बाजूनं कापा, निम्मे थर आडवेच तुटणार. त्यातही वरचा शोभेचा थर अगदी पातळ असतो, तो आडवा तुटला की त्याचे ढलपे निघतात. म्हणून प्लायला बारीक, पुष्कळ दात्यांचंच पातं हवं. १० इंचीला ६० तरी, ८० असतील तर उत्तम.

मायका आणि तयार मायक्याचे बोर्ड हे त्याहून नाजूक प्रकरण. वरचा थर कडक पण ठिसूळ, भाजलेल्या पापडासारखा. त्याच्यावर तिरक्या सुऱ्यांपेक्षा वेगळ्या घडणीचे दाते चांगले चालतात. यात एक दाता जरा उंच आणि दोन्ही कोपरे घासलेला असतो, तो मधोमध चर पाडतो. त्याच्यामागून येणारा सपाट दाता दोन्ही कडा साफ करत जातो. एकानं नांगरायचं, दुसऱ्यानं सारखं करायचं, असा हा प्रकार. दुकानात ‘मायका कापायचं पातं, ८० किंवा ९६ दात्यांचं’ असं सांगितलं की समजतं. भुशाच्या बोर्डालाही हेच पातं टिकतं, कारण त्या बोर्डातला चिकटपदार्थ साध्या पात्याची धार लवकर खातो.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या लक्षात आलं असेल. सुतार मंडळी पुष्कळदा हातातलं मशीन प्लायच्या टेबलाखाली उलटं बसवून त्याचीच टेबलकरवत करतात. त्यात वाईट काही नाही. पण त्या मशीनबरोबर आलेलं पातं बहुधा कमी दात्यांचं असतं, लाकूड झपाझप फाडणारं. ते साध्या फळ्यांना ठीक, मायक्याला नाही.

पात्यावर लिहिलेलं वाचा

मशीनची पिन प्लगमधून काढायला सांगा आणि पातं जवळून पाहा. त्याच्या अंगावर सगळं छापलेलं असतं. समजा, २५४, ३.२, २५.४ आणि ६० असे आकडे आहेत. पहिला आकडा पात्याचा व्यास, २५४ मिलिमीटर म्हणजे १० इंच. दुसरा दात्याची जाडी, म्हणजेच कापाची रुंदी. तिसरा मधल्या भोकाचा व्यास. शेवटचा दात्यांची संख्या. अक्षरं पुसली असतील तर एका दात्याला खडूनं खूण करून मोजा. मुलं हे काम आनंदानं करतील, पण पिन काढलेली आहे हे तुम्ही स्वतः बघितल्यावरच!

एक लक्षात ठेवा. दात्यांची संख्या पात्याच्या आकाराशी ताडून बघायची असते. १० इंची पात्यावर २४ दाते म्हणजे भरड. ७ इंची पात्यावर ४० दाते म्हणजे मध्यम आणि ६० म्हणजे बारीकच म्हणायचे.

पात्यावर आणखी एक आकडा असतो, तो सगळ्यात महत्त्वाचा. मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, तो आकडा. मशीनचे फेरे यापेक्षा कधीही जास्त असता कामा नयेत. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. अशा वेगात सुटलेला दाता बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो. काही जण फरशी-लोखंड घासायच्या हातातल्या ग्राइंडरवर लाकडाचं दातेरी पातं बसवतात. हे मात्र आपल्या घरात मुळीच चालू देऊ नका. ते मशीन मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं, त्याचं कवच लाकडाच्या पात्यासाठी केलेलं नसतं आणि पातं अडकलं की मशीन हातातून उसळतं. ‘पाच मिनिटांचं तर काम आहे वहिनी,’ असं कोणी म्हणालं तरी नाहीच म्हणा.

पातं घेताना दात्यांच्या टोकांना कार्बाइडचे तुकडे जोडलेले आहेत ना, ते पाहावं. नुसत्या पोलादी पात्याची धार प्लायमध्ये लवकर जाते. सागवानात तर वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे साग कापायला सोपा वाटला तरी धार भराभर बोथट करतो. कार्बाइडला पुन्हा धार लावून मिळते. मात्र ती घरच्या कानशीनं लागत नाही, पातं धार लावणाऱ्या दुकानातच न्यावं लागतं.

खर्चाचंही सांगते. चांगलं बारीक पातं ऐकायला महाग वाटतं, पण ते साधारणपणे एका उत्तम जाड प्लायच्या शीटपेक्षा स्वस्तच पडतं. दोन बोर्ड फुकट घालवण्यापेक्षा एक पातं घेतलेलं केव्हाही परवडलं. काम संपल्यावर ते सुताराला देऊन टाका, नाहीतर तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

कापाची रुंदी विसरू नका

पोलकं बेततांना आपण शिलाईसाठी जादा कापड सोडतो. तसंच इथंही. पातं जिथून जातं तिथलं लाकूड भुसा होऊन उडून जातं. १२२० मिलिमीटर रुंदीच्या शीटमधून चार सारख्या पट्ट्या हव्यात, तर आपण सरळ भागून ३०५ म्हणू. पण चार पट्ट्यांना तीन काप लागतात. दर कापाला ३.२ मिलिमीटर धरले तर ९.६ मिलिमीटर गेले. तीन पट्ट्या ३०५ च्या कापल्यात तर चौथी २९५ च्या आसपासच येणार, आणि ते नेमकं तुमचं कपाटाचं फडताळ असणार! म्हणून आधीच १२२० मधून ९.६ वजा करून मग चारनं भागा. प्रत्येक पट्टी ३०२.६ ची येते. वर्गात मुलं विचारतात ना, ‘बाई, या गणिताचा उपयोग काय?’ त्यांना हे सांगावं.

पातळ पातंही मिळतं, साधारण २.४ मिलिमीटर काप घेणारं. त्यात लाकूड कमी वाया जातं आणि घरगुती विजेवरच्या लहान मोटरवर ताणही कमी पडतो. पण पात्याच्या मागे लाकूड मिटू नये म्हणून जी पोलादी पट्टी उभी असते, ती या पातळ कापात सहज बसते ना, हे सुताराला पाहायला सांगा. पट्टी कापापेक्षा जाड असेल तर लाकूड तिथंच अडकेल.

कड स्वच्छ येण्यासाठी

पातं योग्य असलं तरी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

टेबलकरवतीत आपल्या समोरचे दाते वरून खाली येतात. म्हणून टवके उडालेच तर खालच्या बाजूला उडतात. तेव्हा शोभेची बाजू वर ठेवायची. मशीन हातात धरून वरून फिरवलं तर दाते खालून वर येतात, तेव्हा शोभेची बाजू खाली ठेवायची. साधी गोष्ट आहे, पण गडबडीत पुष्कळांची उलटसुलट होते.

कापायच्या रेघेवर कागदी चिकटपट्टी घट्ट लावून तिच्यावरून कापावं. टेबलाच्या ज्या फटीतून पातं वर येतं, ती रुंद असेल तर तिच्यावर पातळ प्लायचा तुकडा पक्का बसवून त्यातूनच पातं हळूहळू वर काढावं. म्हणजे बोर्डाच्या खालच्या कडेला पात्याला लागूनच आधार मिळतो.

पातं लाकडाच्या वर थोडंच, साधारण दात्याच्या उंचीइतकं, दिसावं. आणि बोर्ड एका लयीत पुढे जावा. फार रेटला तर कड फाटते, मध्येच थांबला तर जळते.

जळका वास, काळी कड, आणि नेहमीपेक्षा जास्त जोर, ही पातं बोथट झाल्याची लक्षणं. पण धार लावायला पाठवण्यापूर्वी एकदा धुऊन बघा. लाकडाची राळ दात्यांवर बसली की धारदार पातंही बोथटासारखं वागतं. पातं मशीनवरून काढून साबणाच्या कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून भिजवा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं चोळा आणि लगेच कोरडं पुसा. तव्यावरचं किटण काढणाऱ्या आपल्याला हे काय अवघड?

बोटं परत उगवत नाहीत

आता जरा कडक बोलते. कड खराब झाली तर पट्टी लावता येते. बोट गेलं तर काय लावाल? सुतार, त्यांच्या हाताखालचा पोरगा, हे आपल्या घरी काम करताहेत, तेव्हा काही गोष्टींचा आग्रह आपणच धरायचा.

पात्यावरचं कवच काढून ठेवलेलं असेल तर बसवायला सांगा. पात्याजवळ हातानं लाकूड ढकलायचं नाही, काठीनं ढकलायचं. लाकूड पात्याला चिमटलं तर ते जोरात मागे फेकलं जातं, म्हणून पात्याच्या अगदी सरळ मागे कोणी उभं राहायचं नाही. हातमोजे घालून हे मशीन चालवायचं नाही, कारण मोज्याचा धागा अडकला की हातही ओढला जातो. आणि तेच पदराचं, ओढणीचं, मंगळसूत्राचं आणि मोकळ्या वेणीचं. चहा द्यायला जाताना मशीन बंद होऊन पातं पूर्ण थांबेपर्यंत दाराशीच थांबा. पदर खोचलेला असला तरीसुद्धा. आणि लहान मुलांना त्या खोलीची बंदीच करा.

भुशाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरलं आहे. तो धोका वर्षानुवर्षं धुळीत राबणाऱ्यांना आहे. महिनाभराच्या कामानं आपण घाबरून जायचं कारण नाही, पण सुताराच्या नाकावर मास्क हवा आणि खिडक्या उघड्या हव्यात. संध्याकाळी कोरड्या झाडूनं धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

एक गंमतही सांगून ठेवते. गोल करवत ही पुरुषांचीच, असं समजू नका. अमेरिकेत शेकर नावाच्या पंथात टॅबिथा बॅबिट नावाची बाई होती. दोन माणसं लांब करवत ओढताना परतीची निम्मी ओढ फुकट जाते, हे तिनं पाहिलं आणि सूत काततांना फिरणाऱ्या चाकावरून तिला १८१३ च्या सुमारास गोल करवत सुचली, असं त्या पंथात सांगतात. इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ च्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख त्याआधीच आहे, त्यामुळे पहिला मान कोणाचा हा वाद राहू दे. पण चरख्याशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी करवतीकडे पाहिलं, ही गोष्ट मला फार आवडते.

सुताराशी बोलायचं कसं?

हेही महत्त्वाचं आहे बरं का. ‘तुम्हाला काही कळत नाही,’ असं म्हटलंत तर काम बिघडलंच म्हणून समजा. कसबी माणसाला आपल्या कामाचा मान असतो. चहा देऊन शांतपणे म्हणावं, ‘‘मिस्त्री, तुमचा हात चांगला आहे, पण या मायक्याला बारीक दात्यांचं पातं लागेल असं वाटतं. पात्याचे पैसे मी देते. आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर कापून बघू या का?’’ बहुतेक मिस्त्री आनंदानं हो म्हणतील. त्यांनाही स्वच्छ कडच हवी असते. पुष्कळदा महागडं पातं घ्यायला त्यांच्याजवळ त्या वेळी पैसे नसतात, एवढंच.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं सांगणं असं. जुन्या पात्याचे दाते मोजून घे. कमी असतील तर मायक्याचं नवं पातं आण. मशीनचे फेरे, व्यास आणि भोक जुळतंय ना, ते मिस्त्रींनाच तपासू दे. मग उरलेल्या तुकड्यावर एक काप घेऊन बघ. कड स्वच्छ आली तर सात बोर्ड निर्धास्त काप. चांगल्या पात्यानंही टवके उडाले, तर तो तुकडा घेऊन दुकानदाराकडे जा, मग बोर्डाबद्दल बोलायला तुझ्या हातात पुरावा असेल. आणि बिघडलेले दोन बोर्ड टाकू नकोस. कडेची दोन सुतं कापून काढली की त्यातून खण आणि आतल्या फळ्या निघतील.

राहिले तुझे यजमान. कपाट उभं राहिलं की पहिला खण त्यांच्याच कपड्यांना दे. हौस कोणाची होती, हे मग कोणी विचारणार नाही!